समोर बसणाऱ्याचं काम

हिंमतआबा बोरसे गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांचा विषय निघाला की लोक मला म्हणतात, "दिलीप, तू दीड वर्ष त्यांच्याबरोबर काम केलंस, किती शिकला असशील!" शिकलो, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त जळलो. अगदी पोटातून जळलो. साठीला आलेल्या, इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसावर डिप्लोमा झालेला माणूस जळतो हे सांगायला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला बोलू?

सुरतेच्या एका कॉलेजात हवामानाची प्रयोगशाळा आहे, तिथे मी तंत्रज्ञ. अकरा वर्षं गच्चीवरची उपकरणं पुसली, बॅटऱ्या बदलल्या, रोज सकाळी आकडे लिहिले. मग एक दिवस आमच्या देसाई मॅडमना मोठी मोहीम मिळाली. लक्षद्वीपच्या पलीकडच्या टोकाला, जिथे माणूस राहत नाही अशा एका बेटावर सहा आठवडे मुक्काम करायचा, जवळजवळ रोज एक फुगा सोडायचा आणि वरच्या हवेचं तापमान, दमटपणा, वारा मोजायचा. तिकडे अशी मोजणी फारशी झालेलीच नाही. शास्त्रज्ञ वेगवेगळ्या गावांहून येणार होते, पण सगळी तयारी सुरतेत व्हायची होती. सामान इथून रेल्वेनं कोचीला जाणार आणि तिथून बोटीनं पुढे.

मी नंदुरबारचा. समुद्र पाहिला तो सुरतेजवळच्या डुमसचा, चिखलाचा. माझ्या टेबलासमोर मी त्या बेटांचा नकाशा चिकटवला तेव्हा आमच्या मोहिमेचं नावही कुणी काढलं नव्हतं. म्हणजे बघा, माझा हक्क किती जुना होता.

आणि तयारी सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी हिंमतआबांना आणलं. उपकरणांना कापडी खोळी शिवायच्या आणि पेट्या बांधायच्या म्हणून कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं. सुरतेतच, लिंबायत भागात राहायचे. मूळचे अमळनेरकडचे. उभी हयात पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, गेली. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आला की जुन्या बीमच्या हजारो तारांना (धाग्याला खात्यात तारच म्हणतात) नव्या बीमच्या तारा एकेक करून जोडाव्या लागतात. आबा ते जोडणारे. एका बैठकीत इतक्या गाठी मारायच्या की आपल्याला मोजताना झोप लागेल. उंचीनं बुटके, पांढरा शर्ट, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली बोटाएवढी कातर, आणि डाव्या अंगठ्याला कायम गुंडाळलेला एक धागा. पहिल्या दिवशी मला वाटलं, नवस असेल.

त्यांनी आल्या आल्या विचारलं, "भाऊ, तुम्ही कोनत्या गावना?"

मी म्हणालो, "नंदुरबार."

"मंग आपली अहिराणी चाली!" आबा एवढे खूश झाले की जणू भाचाच भेटला. मी मात्र मुद्दाम शुद्ध मराठीत उत्तरं द्यायला लागलो. घरी आईशी मी अहिराणीच बोलतो, पण प्रयोगशाळेत माझा एक दर्जा होता. आबांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते अहिराणीत बोलत राहिले, मी पुस्तकी बोलत राहिलो, आणि दीड वर्ष आमचं छान चाललं. छान म्हणजे त्यांचं छान. मी आतून धुमसत होतो.

पहिला तडाखा बसला तो दमटपणावरून. दोन थर्मामीटर असतात, एकाच्या फुगीर टोकाला ओलं कापड गुंडाळलेलं असतं. दोन्हींतल्या फरकावरून हवेत किती दमटपणा आहे ते काढतात. मोहिमेसाठी मी नवं कापड आणून गुंडाळलं होतं, आकडा काढून फळ्यावर लिहिला होता. आबा कोपऱ्यात खोळ शिवत बसले होते. त्यांनी अंगठ्याचा धागा सोडला, दोन ओठांमधून हळूच ओढला आणि फळ्याकडे पाहून म्हणाले, "इतली दमट नही शे हवा."

मी हसलो. "आबा, हे यंत्र आहे."

"व्हई ना. पन तार काही दुसरंच सांगी राहिनी."

मॅडम तिथेच होत्या. त्यांनी हसण्यावारी नेलं असतं तर माझं काय गेलं असतं? पण त्यांना असल्या गोष्टींचा सोस. म्हणाल्या, "काका, बघा तरी एकदा." आबा उठले, थर्मामीटरचं कापड चिमटीत धरून चोळलं, नाकाजवळ नेलं. "भाऊ, हाऊ कपडा कोरा शे. धुयेल नही. खळ शे याले. पानी कसं चढी?"

कापड सोड्याच्या गरम पाण्यात उकळून, चोळून, वाळवून पुन्हा गुंडाळलं. आकडा उतरला. अकरा वर्षं मी बाजारातून कोरं कापड आणून तसंच गुंडाळत होतो आणि सुरतेची हवा आहे त्याहून दमट लिहीत होतो. मॅडम म्हणाल्या, "काका, आ तो कमाल छे!" माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

आबांना जेवताना एकटं बसणं माहीत नव्हतं. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या डब्याच्या झाकणावर. "घ्या भाऊ." नको म्हटलं तरी घ्यायचीच. चांगली असायची, तेही एक दुखणंच.

कामाची त्यांची एक पद्धत होती. खात्यात बीम जोडायला दोन माणसं समोरासमोर बसतात. एक तारा निवडून देतो, दुसरा गाठ मारतो. गाठ मारणाऱ्याची नजर पुढच्या तारेवर असते, म्हणून झालेल्या गाठीवर लक्ष ठेवायचं काम समोरच्याचं. चूक दिसली तर त्यानं लगेच आवाज द्यायचा. तो गप्प राहिला म्हणजे गाठ बरोबर. आबांनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, कारण पेट्या बांधताना समोर मी असायचो. प्रत्येक गाठीनंतर ते मान वर करून माझ्याकडे बघायचे. मी गप्प राहिलो की पुढे जायचे. सुरुवातीला मला त्या बघण्याची चीड यायची. माझी पावती कशाला हवी यांना? पुढे सवय झाली. एक-दोनदा मी खरंच म्हणालो, "आबा, सैल आहे," तर त्यांनी गाठ उपसून पुन्हा मारली आणि वर "वा भाऊ!" म्हणाले.

पेट्यांचं तर विचारूच नका. मी थर्माकोल मागवायची यादी केली होती, टाइप करून. आबा म्हणाले, थर्माकोलचा भुगा होतो आणि यंत्रात शिरतो. ते रिंग रोडच्या साडी मार्केटातून चिंध्यांची पोती घेऊन आले. जरी, जॉर्जेट, शिफॉन, लाल, पोपटी, राणी. आमची प्रयोगशाळा म्हणजे लग्नघर झालं. वर त्यांनी रंग ठरवून टाकले. काचेचं असेल तिथे लाल, बॅटरी असेल तिथे हिरवा, फुग्यांच्या पेटीत पिवळा. बेटावर जे शेवटी लागणार ते तळाशी, जे उतरल्या उतरल्या लागणार ते वर. "भाऊ, तठे दुकान नही शे," म्हणायचे. "जे इसरनूत ते इसरनूत."

मी म्हणालो, पेटी आपटली तर समजेल तुमच्या चिंध्यांचं. आबांनी शांतपणे काचेच्या थर्मामीटरांची पेटी उचलली आणि जिन्यावरून खाली सोडली. सोळा पायऱ्या! मॅडमनी किंकाळी फोडली. पेटी उघडली तर एकाला चरा नाही. त्या दिवसापासून सगळे रंगांवरून बोलायला लागले, "ती पिवळी पेटी दे," "हिरवीत बघ." मी प्रत्येक पेटीवर इंग्रजीतून सुबक यादी चिकटवली होती, ती कुणी वाचली असेल तर शपथ.

आणि मग मॅडमनी सांगितलं की बोटीवर तंत्रज्ञाची एकच जागा आहे.

"दिलीपभाई, तुम्ही किंवा हिंमतकाका. फुगे सोडायची चाचणी घेऊ, मग ठरवू."

मी किंवा हिंमतकाका! अकरा वर्षं आणि एक नकाशा एका पारड्यात, चिंध्यांची पोती दुसऱ्या पारड्यात. मी घरी बायकोला म्हणालो, तर ती म्हणाली, "त्यांनाही वाटत असेल जावंसं." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

वाटत होतं त्यांना. ते मला त्यांच्याच घरी कळलं. चाचणीच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला लिंबायतला जेवायला बोलावलं. एक खोली, वर पत्रे, शेजारच्या खात्यातल्या लूमचा खडखडाट भिंतीतून येत होता. आबांच्या बायकोनं, पुष्पाकाकूंनी, खापरावरचे मांडे केले होते. काकूंना तेव्हाच दम लागत होता, पण चुलीसमोरून उठायला तयार नव्हत्या. जेवण झाल्यावर आबांनी घडी घातलेला कागद काढला. माझ्या टेबलासमोरच्या नकाशाची झेरॉक्स! कधी काढून घेतली होती कोण जाणे.

"भाऊ, हाई बेट कोठे शे ते दखाडा."

मी बोट ठेवलं. त्यांनी त्या ठिपक्यावर बराच वेळ अंगठा ठेवला. मग म्हणाले, "तठे आभाय कसं दिखस?"

मी म्हणालो, "आभाळासारखंच. दुसरं कसं?"

काकू हसल्या. म्हणाल्या, "त्येस्ले आभायनं येड शे." मग त्यांनीच सांगितलं. तीस वर्षं बारा तासांची पाळी. खात्याच्या खिडक्या बंद, कारण वारा आला की तारा हलतात. दिवसपाळीला सकाळी आत जायचं ते अंधार पडल्यावर बाहेर. रातपाळी असली की दुपारी झोप. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे आबांना धाग्यावरूनच कळायचं. ओठांतून धागा ओढायची सवय तिथली.

"तीस वरीस दुपार दखी नही," आबा म्हणाले, जसं कुणी सांगावं की मी गूळ खात नाही. "आते दखस रोज. पन आठे पत्रा शे, बिल्डिंगा शेत, वायरी शेत. तुकडा तुकडा दिखस. आख्खं दखनं शे एक डाव."

मी मांडा चावत राहिलो. त्या क्षणी मी मोठ्या मनाचा असतो तर म्हणालो असतो, आबा, तुम्हीच जा. पण माझ्या मनात आलं ते हे, की हे त्यांनी मॅडमना सांगितलं तर माझी जागा गेली. एवढंच आलं. दुसरं काहीही नाही.

चाचणी सोमवारी सकाळी, कॉलेजच्या मैदानावर. ठरलं असं की एक फुगा आबांनी बांधायचा, एक मी. फुग्यात हेलियम भरतात, फुग्याखाली छोटी हवाई छत्री, छत्रीखाली लांब नायलॉनची दोरी आणि तिच्या टोकाला मोजमाप करणारी डबी. ती डबी वर जाता जाता रेडिओवरून आकडे पाठवते. बांधायचं कसं ते एका कागदावर इंग्रजीत लिहिलेलं. नायलॉन गुळगुळीत, वर वाऱ्यात हिसके बसतात, म्हणून गाठीनंतर दोरीचं टोक चांगलं वीतभर सोडायचं, नाहीतर गाठ सरकते. तो कागद माझ्या हातात होता. आबांना वाचून दाखवायचं काम माझं होतं.

आबांनी छत्रीखाली गाठ मारली. काय गाठ होती! सपाट, बारीक, दिसणारही नाही अशी. आणि सवयीनं त्यांचा हात गळ्यातल्या कातरीकडे गेला. लूमवर गाठीचं टोक लांब राहिलं तर ते फणीत अडकतं आणि शेजारच्या तारा तोडतं. म्हणून तीस वर्षं त्यांनी गाठ मारली की टोक कापलं. कच्च! टोक गाठीलगत उडालं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी गप्प बसलो.

सगळी गोष्ट एवढीच आहे. मी काही ढकललं नाही, तोडलं नाही, लपवलं नाही. हातात कागद धरून उभा राहिलो. आबांनी पाहिलं, मी गप्प आहे, म्हणजे गाठ बरोबर. ते निश्चिंत बाजूला झाले.

फुगा सुटला. तीन मजल्यांएवढा वर गेला, वाऱ्याचा एक हिसका बसला आणि डबी सुटली. फुगा छत्रीसकट झर्रकन वर गेला. डबी कँटीनसमोरच्या फरशीवर पडली आणि तिचे तुकडे झाले. नशीब, खाली कुणी नव्हतं. मॅडम लालबुंद. त्यांच्याबरोबर पुण्याहून आलेले एक शास्त्रज्ञ होते, ते इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. आबा चालत गेले, तुकडे गोळा केले, दोरीचं टोक हातात घेऊन निरखलं. मला वाटलं, आता म्हणतील, मला कुणी सांगितलं नाही.

"मन्ही गाठ, मन्ही चूक," ते म्हणाले. बस्स.

माझा फुगा व्यवस्थित गेला. जागा मला मिळाली. संध्याकाळी बायकोनं शेवयांची खीर केली, आणि मी माझी वाटी तिच्याकडेच सरकवली.

तुम्ही म्हणाल, आता तरी जळणं थांबलं असेल. कुठलं! आबा रुसले असते, आजारी आहे सांगून आठ दिवस आले नसते, तर मी सुखानं झोपलो असतो. ते दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. माझ्याकडून तो कागद वाचून घेतला, मराठीत, दोनदा. मग दोऱ्यांचं बंडल घेऊन बसले आणि बेटावर लागणाऱ्या चाळीसच्या चाळीस दोऱ्या आधीच छत्र्यांना बांधून ठेवल्या. प्रत्येक गाठीला वीतभर टोक. प्रत्येक गाठीनंतर मान वर, माझ्याकडे. मी मान खाली घालून "हं" म्हणायचो. चाळीस वेळा. हरलेल्या माणसाला इतकं नीट वागता येतं याचाही मला हेवा वाटला. मला जमलं नसतं.

बेटावर माझे सहा आठवडे बरे गेले. खारा वारा, खेकडे, आणि सतत उघडायच्या पेट्या. लाल, हिरवी, पिवळी. जे हवं ते हात घालताच वर सापडायचं. चाळीस फुग्यांतली एकही गाठ सुटली नाही. शास्त्रज्ञ दर वेळी म्हणायचे, "हे पॅकिंग कुणी केलं?" आणि मला दर वेळी दुसऱ्याचं नाव सांगावं लागायचं. इतक्या लांब, चारी बाजूंनी पाणी, आणि तिथेही आबा माझ्यापुढे!

मी परतलो तेव्हा ते सुरतेत नव्हते. काकूंचा दम वाढला म्हणून दोघं गावी गेले होते. फोनवर बोललो. मोहिमेचं त्यांनी काही विचारलं नाही, फक्त तेच विचारलं, आभाय कसं दिखस. मी अर्धा तास सांगत बसलो. पुढच्याच वर्षी ते गेल्याचा निरोप आला. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशी, सुरत स्टेशनवर.

दुपारची गाडी होती. पेट्या पार्सल डब्यात चढवायला आबा स्वतः आले होते. एका पिवळ्या पेटीची दोरी ढिली झाली होती, म्हणून ते फलाटावर उकिडवे बसले आणि पुन्हा बांधायला लागले. मी समोर. त्यांनी गाठ मारली, मान वर केली, माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडातून जे आलं ते अहिराणीत आलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

"आबा, मी दखेल व्हतं. तुम्ही टोक कापं तवय. मी बोलनू नही."

त्यांनी दोरी ओढून पक्की केली. "मले माहीत शे."

"मंग तुम्ही बोलनात का नही? मॅडमले सांगनं व्हतं!"

"समोरलानं काम ऱ्हास ते," आबा म्हणाले. आवाज चढला नाही. मग पेटी बाजूला सरकवत, "आते बोलना ना तू. ऱ्हाऊ दे."

मी रडकुंडीला आलो होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि एकदम हसले. "मन्हा पोटमा बी दुखस, भाऊ. तुले काय वाटस, मी काय देव शे? लय दुखस. राते झोप लागनी नही." दीड वर्ष मी जे पोटात दाबून ठेवलं होतं, ते या माणसानं हमालांच्या गर्दीत, हसत, दोन वाक्यांत सांगून टाकलं. तेही त्यांनाच जमलं.

शिटी झाली. मी डब्यात चढलो. ते खिडकीशी आले, अंगठ्यावरचा धागा सोडला आणि माझ्या अंगठ्याला गुंडाळला. "दुपारनं आभाय दखजो," म्हणाले. "मन्हा वाटानं बी."

गाडी हलली. मी खिडकीच्या गजांना तोंड लावून मागे पाहत राहिलो. मला वाटलं, हात हलवतील. पण आबा फलाटावरून चालत चालत पुढे, जिथे पत्र्याचं छप्पर संपतं तिथे येऊन उभे राहिले. भर दुपार होती. डोळ्यांवर हात धरून ते वर पाहत होते.